गहाण पडलेला विमा आणि कुंडीतला वाटाणा

"मनात आशा ठेवा, सगळं नीट होईल" असं सांगणाऱ्याचं स्वतःचं त्यात सहसा काहीच अडकलेलं नसतं. नोकरी सोडू का, दुकान विकू का, चाळिशी उलटल्यावर नवं काही शिकायला घेऊ का, असे प्रश्न घेऊन येणाऱ्या लोकांच्या एका छोट्या गटात मी अधूनमधून बसतो. सुरुवातीला मीही तेच वाक्य ऐकवत असे. समोरचा मान डोलवायचा आणि घरी जाऊन पुन्हा छताकडे बघत पडायचा. मग मी ते सोडलं आणि त्याऐवजी एक प्रकरण मांडायला लागलो. माणूस ओळखीचाच आहे: 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. त्यांच्या नावाचा पुरस्कार सगळ्यांना ठाऊक असतो. 1912 सालचा त्यांचा हिशेब मात्र फारसा कोणी उघडून बघितलेला नसतो.

या प्रकरणात मला एकच गोष्ट तपासायची असते. घर, पैसा, डोळे सगळं पणाला लावताना या माणसाची आशा नेमकी कशावर उभी होती? नुसत्या स्वभावावर, की हाताला लागेल अशा कशावर?

हातात काय होतं

फाळक्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकला, छायाचित्रण, छपाईच्या प्रक्रिया. पुढे गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून दुकान थाटलं, पण प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं आणि ते गाव सुटलं. मग जादूचे प्रयोग शिकले. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. लोणावळ्याला शिलाछापाचं काम केलं, छापखाना काढला, तो दादरला आणला, भागीदार घेतले. रंगीत छपाईची यंत्रं बघायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं आणि एक दमडीही न घेता बाहेर पडले.

हा बायोडेटा घेऊन आज कोणी मुलाखतीला गेला तर पलीकडचा माणूस एकच शब्द मनात लिहील: धरसोड. फाळक्यांच्या ओळखीपाळखीतही तोच लिहिला गेला असणार. नंतर सगळ्यांना दिसलं की चित्र, कॅमेरा, रसायनं, हातचलाखी, पडदे, छपाई यांतली एकही गोष्ट चित्रपटाला परकी नव्हती. पण हे नंतरचं शहाणपण झालं. चाळीस-एक्केचाळीस वर्षांच्या त्या माणसाला त्या क्षणी आपलं आयुष्य असं नीट गुंफलेलं दिसत होतं, असं म्हणणं मला खोटं वाटतं. त्याच्याजवळ चार-पाच अर्धवट धागे होते, एवढंच.

एक सोपी वाटही होती, हे विसरायचं नाही. छपाईतलं त्यांचं कसब सगळ्यांना माहीत होतं आणि नवा छापखाना काढायला भांडवल देऊ, असं म्हणणारे एकाहून जास्त लोक पुढे आले होते. ती वाट धरली असती तर घर चाललं असतं, मुलं शिकली असती, आणि आज आपण त्यांच्याबद्दल काही लिहीत नसतो. म्हणजे "दुसरं काहीच उरलं नव्हतं म्हणून उडी मारली" अशातला हा प्रकार नव्हे. दुसरं होतं, आणि चांगलं होतं. मोठे निर्णय बहुतेक वेळा असेच असतात. आगीतून फुफाट्यात जायचं असेल तर निवड सोपी असते. अवघड जातं ते सावलीतून उठणं.

1911 च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी मुलाबरोबर हलती चित्रं पाहिली, आणि लगेच पुन्हा जाऊन पत्नी सरस्वतीबाईंबरोबर ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पुढे 1917 मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनीच लिहिलं आहे की पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र सरकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि ती ऐकून असं वाटतं की निर्णय तिथेच, त्या खुर्चीवर झाला. मला तसं वाटत नाही. तिथे झाली ती हौस. निर्णय व्हायला अजून वर्षभर होतं.

माहीत काय होतं, माहीत नव्हतं ते काय

या गोष्टीत मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो प्रश्नाचा आकार.

चित्रपट हे मुंबईला नवं नव्हतं. 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या होत्या. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडली होती. तंबू उभे होते, तिकिटं विकली जात होती, लोक रांगा लावत होते. म्हणजे "लोक पैसे देऊन हे बघतील का" या प्रश्नाचं उत्तर बाजाराने आधीच दिलेलं होतं. हरिश्चंद्राची गोष्ट लोकांना आवडेल का, हेही विचारायची गरज नव्हती. कीर्तनांनी आणि नाटकांनी त्याची खात्री केव्हाच करून ठेवली होती.

शंका एकाच ठिकाणी होती. कथापट इथे, आपल्या हाताने, आपल्या उन्हात आणि आपल्या घामात तयार होऊ शकतो का?

आता हे लक्षात घ्या की आपण घाबरतो तेव्हा सगळंच एकदम अंधारलेलं दिसतं. माझ्या गटात आलेला एक गृहस्थ म्हणायचा, "धंदा चालेल की नाही काहीच सांगता येत नाही." त्याला बोलतं केलं तर निघालं की गिऱ्हाईक त्याच्याकडे होतं, जागा होती, माल कुठून आणायचा ते माहीत होतं, फक्त उधारी वसूल करणं जमेल का, एवढीच खरी भीती होती. पण ती एवढीशी भीती सगळ्या धंद्यावर पसरून बसली होती. फाळक्यांनी, जाणून असो वा नकळत, ती पसरू दिली नाही.

त्यांनी सहा-आठ महिने मिळेल तो चित्रपट पाहिला. यंत्रांच्या किमतींची पत्रकं मागवली, चित्रीकरणावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं, एक स्वस्त कॅमेरा आणि काही फिती घेऊन घरातच मेणबत्ती आणि भिंग मांडून रात्र रात्र प्रयोग केले. झोप दोन-तीन तास. परिणाम व्हायचा तो झाला: डोळे बिघडले आणि काही काळ दिसेनासंच झालं. उपचार झाले, एकावर एक चष्मे बदलले, तेव्हा कुठे नजर परत आली. ध्यासाची म्हणून ही हकिगत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मला त्यात कौतुक दिसत नाही. ज्याला पुढे आयुष्यभर कॅमेऱ्याच्या भोकातून बघायचं आहे त्याने आधीच डोळे घालवायची वेळ आणावी, हा सरळ सरळ बेहिशेबीपणा आहे. आशावादी माणसाचं शरीर बहुधा त्याच्या आशेच्या हिशेबात धरलेलंच नसतं.

पैसा

लंडनला जाऊन प्रत्यक्ष काम बघणं आणि यंत्रं आणणं गरजेचं होतं. पैसे नव्हते. यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस या स्नेह्यांच्या मदतीने फाळक्यांनी आपल्या बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले.

दहा हजार म्हणजे किती? पुढे ज्यांनी तारामतीची भूमिका केली ते अण्णा साळुंके त्या वेळी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करत होते, पगार महिना दहा रुपये. म्हणजे त्या माणसाचा त्र्याऐंशी वर्षांचा पगार. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय या प्रकरणावर मत देऊ नये.

फेब्रुवारी 1912 मध्ये ते बोटीने निघाले. लंडनमध्ये त्यांचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाचे ते वाचक होते. ओळख ना पाळख, थेट त्याच्या कचेरीत जाऊन संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केलं. इंग्लंडमध्येसुद्धा कितीतरी निर्माते बुडतात आणि हिंदुस्थानची हवा या कामाला मानवणारी नाही, असं त्यांचं म्हणणं.

हा दुसरा मुद्दा गोऱ्या माणसाचा तुच्छतावाद म्हणून उडवून लावता येत नाही. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. पाणी कोमट झालं की तो मऊ पडतो, सुटतो, सुरकुततो. दमट हवेत बुरशी धरते. मुंबईत घरच्या खोलीत फिती धुणाऱ्यासाठी ही खरीखुरी अडचण होती. फाळक्यांनी कॅबर्नशी वाद घातला असं कुठे वाचनात नाही. त्यांनी काम बघायला मागितलं. कॅबर्न यांनीच मग त्यांची गाठ वॉल्टनच्या स्टुडिओचे सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली आणि फाळक्यांनी तिथे चित्रीकरणापासून धुलाईपर्यंतचं काम डोळ्यांनी पाहिलं.

नकार देणाऱ्याकडूनच पुढचा पत्ता घेणं ही मला त्यांच्या स्वभावातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. आपण काय करतो? कोणी नन्नाचा पाढा लावला की एक तर खचतो, नाही तर त्याला शत्रू मानतो.

येताना त्यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा ठरवला, कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या काठांना भोकं पाडायचं यंत्र मागवलं. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे कॅमेरा साडेसातशेचा. दहा हजारांतले साडेसातशे. हेही बघण्यासारखं आहे: बोटीच्या प्रवासावर आणि डोळ्यांनी बघून येण्यावर त्यांनी खर्च केला, पण सगळी रक्कम यंत्रांत ओतली नाही. एप्रिलच्या सुरुवातीला ते परतले, मे महिन्यात यंत्रं दादरच्या घरी पोहोचली आणि सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी ती चार दिवसांत जोडली.

त्याच मे महिन्यात, 18 तारखेला, गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. तो चित्रित केलेला नाट्यप्रयोग होता आणि त्याची पुढची प्रक्रिया लंडनला झाली होती. पहिला चित्रपट कोणाचा हा वाद आजही अधूनमधून पेटतो. मला त्यात पडायचं नाही. पण ज्या वेळी फाळके यंत्राचे स्क्रू पिळत होते त्याच वेळी दुसऱ्या कोणाचं तरी नाव त्याच गावात झळकत होतं, हे त्या दिवसांचं वातावरण समजायला पुरेसं आहे.

वाटाणा

आता मुख्य गोष्ट.

दहा हजारांतून प्रवास आणि यंत्रं झाली. चित्रपट करायला पुन्हा पैसे हवे होते आणि पैसेवाल्यांना फाळक्यांची जीभ नव्हे, पुरावा हवा होता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ, रोज थोडं थोडं, त्या रोपाचं चित्रण केलं. पडद्यावर ते मिनिटभरात उगवून वर आलं. नाव होतं 'अंकुराची वाढ'.

रोज एकच चौकट (फ्रेम) घेतली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. गणित जमत नाही. त्या काळी साधारण सेकंदाला सोळा चौकटी पळत. महिन्याला तीस चौकटी म्हणजे पडद्यावर दोन सेकंदांचं काम. प्रेक्षकाने डोळे मिटून उघडेपर्यंत खेळ संपला. मिनिटभराची फीत असेल तर हजाराच्या आसपास चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला तीसेक. तेव्हा दंतकथेपेक्षा मेहनत बरीच जास्त होती असं समजायचं. दिवसातून अनेकदा त्या कुंडीपाशी यायचं, हँडल तेवढंच फिरवायचं, कुंडी हलली नाही ना ते बघायचं, आणि हे महिनाभर न कंटाळता.

पण वाटाणाच का?

वाटाणा पगार मागत नाही. त्याला मिशी नसते. पुढे हरिश्चंद्राच्या वेळी मिश्या उतरवायला नटांनी केवढी कुरकुर केली होती. स्त्रीची भूमिका करायला कोणी तयार होत नाही, हा प्रश्न त्याच्या बाबतीत येत नाही. पोशाख नाही, पडदे नाहीत. चित्रपटातलं जे जे महाग आणि बेभरवशाचं, ते सगळं वाटाण्याने बाजूला ठेवलं. आणि शिल्लक काय राहिलं? कॅमेरा, फिल्मला भोकं पाडणं, अंधारात ती धुणं, वाळवणं, प्रत काढणं, पडद्यावर फेकणं. म्हणजे नेमकी तीच साखळी, जिच्याबद्दल कॅबर्न यांनी शंका काढली होती आणि जिच्याबद्दल फाळक्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. मुंबईच्या हवेत ती साखळी कुठे तुटते का, हे कळायला एक कुंडी पुरली.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण शीत भातातलंच असावं लागतं. अनेक जण परीक्षा घेतात ती भलत्याच गोष्टीची. उपाहारगृह काढायचं असेल तर नातेवाइकांना जेवायला बोलावतात आणि ते "वा वा" म्हणाले की खूश होतात. नातेवाइक बिल देत नाहीत, रात्री साडेदहाला येऊन भांडत नाहीत, चौथ्या दिवशी न सांगता रजा टाकणारा आचारी त्यांच्यात नसतो. ती परीक्षा चवीची झाली, आणि चवीची शंका मुळात कोणाला नव्हतीच.

वाटाण्याचा आणखी एक गुण म्हणजे तो फसला असता तरी चाललं असतं. काही फूट फिल्म आणि एक महिना गेला असता. फाळके छापखान्याकडे वळू शकले असते. कर्ज होतंच, पण फिटण्यासारखं होतं. निवडक लोकांना ती फीत दाखवली गेली आणि त्यांतल्या काहींनी, नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी, कर्ज द्यायचं कबूल केलं. म्हणजे कागदावर सही होण्याआधी पडद्यावर रोप उगवलेलं होतं. मी गटात सांगतो की माझ्या मते निर्णयाचा क्षण हा: गिरगावातली खुर्ची नव्हे, लंडनची बोटही नव्हे, पडद्यावरचा तो हिरवा (खरं तर करडा) कोंब.

हरिश्चंद्र

पुढचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. दादरच्या मेन रोडवरचं घर हाच स्टुडिओ. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास, आणि तारामतीसाठी बाई न मिळाल्याने अण्णा साळुंके, पगार दहाचे पंधरा करून. सहा महिने सत्तावीस दिवस काम चाललं. सुमारे 3700 फूट लांबीचा चित्रपट 21 एप्रिल 1913 ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निवडक लोकांना दाखवला गेला आणि 3 मे 1913 ला कोरोनेशनमध्ये लागला. चालला. पाठोपाठ नाशिकला मुक्काम हलवला, पुढचे चित्रपट झाले, 1917 मध्ये 'लंकादहन'ने तर पैशांचा पाऊस पाडला.

इथे थांबलो तर ही एक गोड गोष्ट होते, आणि गोड गोष्टीतून निर्णय कसा घ्यावा हे कळत नाही. म्हणून मी दुसरा निर्णयही त्याच बैठकीत मांडतो.

तोच माणूस, दुसरा निर्णय

14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. फाळके साठी ओलांडलेले. ते 'सेतुबंधन' या मूकपटात गुंतले होते. बाहेरगावच्या चित्रीकरणात पैसा संपला, काम रखडलं, आणि पुरं होईपर्यंत मूकपटाला कोणी विचारेनासं झालं होतं. मग त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. याच काळात, 1932 मध्ये, प्रभातने 'अयोध्येचा राजा' आणला. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या भूमिकेला बाई मिळत नव्हती तिथे एका चांगल्या घरची शिकलेली स्त्री उभी होती आणि बोलत, गात होती.

त्यानंतर कोल्हापूरच्या निमंत्रणावरून फाळक्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. 1937 मध्ये तो आला. खर्च अडीच लाखांच्या घरात. चालला नाही. त्यांनी दिग्दर्शित केलेला तो एकमेव बोलपट. पुढे ते नाशिकला राहिले आणि 16 फेब्रुवारी 1944 ला तिथेच वारले.

दोन्ही वेळी माणूस एकच आणि उत्साहही तोच. 1912 मध्ये अनुभव शून्य होता, 1937 मध्ये पंचवीस वर्षांचा. मग फरक कुठे? वय, बदललेला धंदा, मोठे स्टुडिओ, ही कारणं आहेतच आणि ती लहान नाहीत. पण मला एक गोष्ट खटकते. आवाज ही त्यांच्यासाठी सर्वस्वी नवी, न तपासलेली गोष्ट होती, जशी 1912 मध्ये फिल्मची धुलाई होती. त्या आवाजाची कुंडी मला कुठे दिसत नाही. मिनिटभराचा बोलका तुकडा करून, लोकांना ऐकवून, आपल्याला हे जमतंय का हे बघितल्याची खूण सापडत नाही. एकदम अडीच लाखांची गंगा. पहिल्या वेळी त्यांच्याजवळ पत नव्हती म्हणून पुरावा द्यावा लागला. दुसऱ्या वेळी नाव होतं, त्यामुळे पुरावा कोणी मागितला नाही आणि त्यांनीही स्वतःकडे मागितला नाही.

आमच्या गटातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, कलावंताला हे माप लावू नये. 'गंगावतरण' बुडालं म्हणून काय झालं, साठी उलटल्यावर एवढी उमेद असणं हीच मोठी गोष्ट. असेलही. पण कर्ज मंजूर करताना त्याने नुसत्या उमेदीवर सही केली असती का, असं विचारलं तर तो हसतो आणि विषय बदलतो.

सरस्वतीबाई

हे प्रकरण मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा यात सरस्वतीबाई एका वाक्यापुरत्या होत्या. आता तसं करत नाही.

1902 मध्ये त्यांचं फाळक्यांशी लग्न झालं. नवऱ्याची पहिली बायको आणि मूल प्लेगमध्ये गेलेलं, नोकरी पुढे सुटणार, भागीदारी मोडणार, हे सगळं त्यांनी पाहिलं. चित्रपटाच्या काळात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, असंही सांगितलं जातं. आणि रात्री फिल्मच्या काठांना भोकं पाडायची.

या भोकांचा हिशेब मी एकदा मांडून बघितला. एका फुटात सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही काठांना चार चार भोकं. फुटाला एकशे अठ्ठावीस. 3700 फुटांना 4 लाख 73 हजार 600. हे फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीचं, एका प्रतीचं. वाया गेलेली फिल्म आणि दुसऱ्या प्रती वेगळ्या. आणि हे सगळं अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. फाळक्यांच्या आशेचं यंत्र चालत होतं ते असं. दागिनेही गेले. पोरं लहान होती.

गेल्या वर्षी एक जोडपं गटात आलं होतं. त्याला खाद्यपदार्थांचं दुकान काढायचं होतं, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून. बाई सगळा वेळ गप्प होती. मी विम्याचा भाग सांगून झाल्यावर तिने विचारलं, "पॉलिसी त्यांच्या जिवावर होती ना? मग ते गेले असते तर पैसे कोणाला मिळायचे होते?"

बायकोला आणि मुलांना, मी म्हटलं.

"म्हणजे गहाण टाकलं ते तिचं," ती म्हणाली. नवरा तिच्याकडे बघायला लागला. त्या दिवशी त्या दोघांचं पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

दीड महिन्याने ते पुन्हा आले. या वेळी बोलत होती ती, आणि तिच्या हातात शंभर पानी वही होती. सोसायटीच्या गेटपाशी चार रविवार सकाळी टेबल लावलं होतं: थालीपीठ, लोणी, ठेचा. पीठ, गॅस, कागदी बशा, मदतीला बोलावलेल्या मावशींची मजुरी, सगळं तारीखवार लिहिलेलं. तिसऱ्या रविवारी मावशी आल्याच नव्हत्या, तेही लिहिलं होतं. चार रविवारांचा मिळून तोटा सहाशे चाळीस रुपये. पहिल्या रविवारी त्यातले तीनशे, शेवटच्या रविवारी नव्वद.

दुकानाच्या जागेचं टोकन देणार होतात त्याचं काय, मी विचारलं.

"थांबवलंय," नवरा म्हणाला. आणि ती वही मिटता मिटता म्हणाली, "अजून दोन रविवार बघतो. लोणी घरी काढून बघायचंय, विकतचं परवडत नाही."